आवाज कोणाचा, विवक्षा कोणाची?

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात नादाच्या उत्पत्तीचे जे वर्णन केले आहे, त्याचा आरंभ कंठापासून होत नाही. बोलू इच्छिणारा आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीला चेतविते, अग्नी वायूला गती देतो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ व मूर्धा या स्थानांतून चढत जाऊन अखेर मुखावाटे ध्वनिरूप होतो, असा हा क्रम आहे. कंठाला या क्रमात बरेच उशिरा स्थान मिळते. सर्वांच्या आधी येते ती विवक्षा, म्हणजे काही सांगावे अशी इच्छा. शार्ङ्गदेवाने मांडलेली ही साखळी शतकानुशतके गृहीत धरली गेली, कारण तिची पहिली कडी आणि शेवटची कडी एकाच देहात असणार याविषयी कोणाला शंका घेण्याचे कारणच नव्हते. ज्याला सांगायचे आहे तो आणि ज्याचा आवाज ऐकू येतो तो, हे दोघे निदान गाण्याच्या क्षणापुरते तरी एकच असत.

आज अशी गाणी अस्तित्वात आहेत की ज्यांच्या आवाजामागे नाभी नाही, हृदय नाही आणि श्वासही नाही. जपानमध्ये संगणकाने सिद्ध केलेल्या कंठातून गाऊन घेतलेल्या गाण्यांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांतील बहुतेक गाणी त्यांच्या देशातही फारशी कोणी ऐकलेली नाहीत. अशा एखाद्या अल्पश्रुत गाण्याने एखाद्या श्रोत्याचे मन हलले, तर ते नेमके कोणामुळे हलले? त्या श्रोत्याची फसवणूक झाली असे म्हणावे, की त्याला कोणीतरी खरोखरच काही सांगितले असे म्हणावे? या प्रश्नाचा विचार भारतात करावयाचा झाला, तर त्यासाठी कोलकात्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. आवाज आणि देह यांची ताटातूट या देशात प्रथम ज्या शहराने पाहिली, ते हेच शहर होय.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यात आला. सोशीमुखी आणि फणीबाला या रंगभूमीवरील दोन मुलींचे गाणे त्याने प्रथम मुद्रित केले आणि त्यानंतर काही दिवसांतच गौहरजानचे. या तबकड्यांचे उत्पादन जर्मनीतील हॅनोव्हर येथे होणार होते. तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे म्हणून गौहरजान गाणे संपता संपता इंग्रजीत आपले नाव उच्चारीत असे. ही सोय निव्वळ व्यावहारिक होती. पण तिच्यात एक नवी निकड प्रथमच व्यक्त झाली. समोर बसून गाणाऱ्याला आपण कोण हे सांगावे लागत नाही. देहापासून सुटलेल्या आवाजाला मात्र आपला धनी कोण हे स्वतःच सांगावे लागते.

यंत्र आणि कंठ यांचा वाद या शहरात त्याच्याही आधी सुरू झाला होता. हाताने भाता चालविण्याची पेटी १८७५ च्या सुमारास येथे द्वारकानाथ घोष यांनी घडविली असे सांगितले जाते, आणि त्यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीचे नाव पुढे देशभर झाले. रवींद्रनाथांना ही पेटी मुळीच मानवली नाही. तिच्या बांधलेल्या स्वरपट्ट्यांतून मींड निघत नाही, दोन स्वरांमधला प्रदेश ती उडी मारून ओलांडते, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा होता, यात संशय नाही. परंतु त्याच काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्या हातातील पेटी गाते, असे जाणकार म्हणत होते आणि मराठी नाट्यसंगीताचा सारा संसार ऑर्गन व पेटी यांच्यावर उभा होता. वाद्याच्या ठिकाणी जी उणीव होती, ती वाजविणाऱ्याने आपल्या भात्याच्या दाबाने, बोटांच्या घसरणीने आणि मुख्यतः आपल्या कानाने भरून काढली. साधन अपुरे असताना विवक्षा आपला मार्ग कसा काढते, याचे हे आपल्या घरातले उदाहरण आहे.

तिसरी घटना १९३५ मधील. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘भाग्यचक्र’ या बंगाली आणि ‘धूप छाँव’ या हिंदी चित्रपटांत पार्श्वगायनाची रीत रूढ झाली. संगीत रायचंद बोराल यांचे होते. एकाचे ओठ आणि दुसऱ्याचा कंठ, हा संकेत श्रोत्यांनी विलक्षण वेगाने स्वीकारला. चौदा वर्षांनंतर, १९४९ मध्ये, मुंबईत तयार झालेल्या ‘महल’ चित्रपटातील एका गाण्याची तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे त्या चित्रपटातील पात्र. प्रत्यक्ष गाणे लता मंगेशकर यांचे. गाणारी कोण, अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली आणि खरे नाव पुढे आले. कोणीही नसलेल्या एका काल्पनिक स्त्रीच्या नावावर आवाज जमा होणे, ही गोष्ट म्हणजे भारतीय श्रोत्याला अगदीच अपरिचित नाही. मात्र त्या श्रोत्याने पात्राच्या नावावर समाधान मानले नाही, हेही तितकेच लक्षात घेण्यासारखे आहे.

जपान आणि कोलकाता यांचे नातेही जुने. गौहरजानचा आवाज मुद्रित झाला त्याच वर्षी ओकाकुरा काकुझो हे जपानी कलाविचारक या शहरात राहून गेले होते आणि ठाकूर घराण्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. त्या काळी जपानकडून येथे चित्रकलेचा विचार आला. आता तेथून आलेला प्रश्न गायनाचा आहे.

संगणकाने गाण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत १९६१ मध्ये झाला. परंतु त्या प्रयोगाचे रूपांतर सर्वसामान्यांच्या हातातील साधनात झाले ते जपानमुळे. यामाहा कंपनीने बार्सेलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने विकसित केलेली ‘व्होकॅलॉइड’ ही प्रणाली २००३ मध्ये जाहीर झाली. सप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने तिच्या आधारे ३१ ऑगस्ट २००७ रोजी ‘हात्सुने मिकू’ हा आवाज विक्रीस आणला. त्यासाठी साकी फुजिता या अभिनेत्रीच्या कंठातील वर्णांचे सुटे तुकडे मुद्रित करण्यात आले. वापरणाऱ्याने स्वर लिहावयाचे, प्रत्येक स्वराखाली अक्षर बसवावयाचे आणि मग स्वराचा कंप, जोर, श्वासाचा अंश, एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याची वळणे ही सारी एकेक करून आखावयाची. मिकूला सोळा वर्षांचे वय, निळसर हिरव्या केसांच्या दोन लांब वेण्या आणि एक चेहरा देण्यात आला. चरित्र मात्र जवळजवळ दिलेच नाही. ते ज्याने त्याने आपापल्या गाण्यातून लिहावे, अशी मोकळीक राहिली.

अशी गाणी रचणारे लोक कोण होते? कोणी विद्यार्थी, कोणी दिवसभर नोकरी करून रात्री संगणकापुढे बसणारे. त्यांच्याजवळ शब्द होते, चाल होती. पण गाता गळा नव्हता आणि गायिकेला बोलावण्याइतका पैसा वा ओळखही नव्हती. शार्ङ्गदेवाची एक संज्ञा येथे नेमकी लागू पडते. जो ‘मातू’ म्हणजे पद्य आणि ‘धातू’ म्हणजे स्वररचना ही दोन्ही निर्माण करतो, त्याला तो ‘वाग्गेयकार’ म्हणतो. गायकाचा विचार त्याच्या ग्रंथात वेगळा येतो. म्हणजे गाणे रचणे आणि गाणे गाणे या दोन गोष्टींतील भेद आपल्या शास्त्राने सात शतकांपूर्वीच ओळखला होता. जपानी तरुणांनी गायकाच्या जागी यंत्र बसविले. वाग्गेयकाराच्या जागी माणूसच राहिला, आणि स्वरांची ती एकेक वळणे आखण्यात रात्रीमागून रात्री घालवीत राहिला.

या गाण्यांचे मुख्य घर म्हणजे डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेले ‘निको निको दोगा’ हे चित्रफितींचे व्यासपीठ. तेथील श्रोत्यांनी गाण्यांच्या श्रेणी ठरविल्या. एक लाख वेळा पाहिले गेलेले गाणे मानाच्या दालनात गेले असे मानतात, दहा लाखांचा टप्पा गाठणारे दंतकथेत जमा होते. परंतु त्याच श्रोत्यांनी आणखी एक खूणचिठ्ठी प्रचारात आणली. जे गाणे थोड्यांनीच ऐकले आहे, पण ज्याची योग्यता त्याहून मोठी आहे असे एखाद्याला वाटते, त्यावर ‘याची अधिक कदर व्हायला हवी’ अशा अर्थाची चिठ्ठी तो लावून ठेवतो. वरच्या दोन श्रेणी वस्तुस्थिती सांगतात. ही चिठ्ठी कर्तव्य सांगते. किती जणांनी ऐकले हे मोजता येते. किती जणांनी ऐकायला हवे होते, हे सांगण्यासाठी कोणीतरी एकट्याने निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाची जबाबदारीही पत्करावी लागते.

कोलकात्याला हा व्यवहार परका वाटण्याचे कारण नाही. पूर्वीच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर, जुन्या तबकड्यांची दुकाने चालत आली आणि तेथे ढिगांतून एखाद्या विस्मृत गायिकेची तबकडी शोधणारे संग्राहक पिढ्यानपिढ्या येत राहिले. जादवपूर विद्यापीठातील स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स या विभागाने उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह उभा केला, तोही याच वृत्तीतून. संग्राहक ज्या गायिकेचा शोध घेतो ती कधीकाळी होऊन गेलेली असते. जपानी गाण्यांचा श्रोता मात्र ज्या गायिकेला ऐकतो ती कधीच नव्हती. मग त्याने शोध तरी कोणाचा घ्यावा?

या ठिकाणी पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. राग प्रकट करण्याचे जे सामर्थ्य अभ्यासाशिवायही आवाजात असते आणि जे देहाबरोबरच जन्मास येते, त्याला शार्ङ्गदेव ‘शारीर’ म्हणतो. यंत्राच्या आवाजाला देहच नाही, म्हणून शारीरही नाही. त्याच्या गाण्यातील हुंदका कोणाच्याही छातीतून आलेला नसतो. तेव्हा अशा हुंदक्याने डोळे ओलावणारा श्रोता सहृदय म्हणावा की भाबडा? हा आक्षेप सहजासहजी झटकून टाकण्याजोगा नाही. मिकूच्या आवाजातील बधिरपणा, ओळीच्या अखेरीस जाणवणारी एक कोरडी धार, ही सरावलेल्या कानालाही जाणवत राहते. ज्या गाणाऱ्यांचे पोट गळ्यावर चालते, त्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न सौंदर्याच्या आधी उपजीविकेचा आहे.

तरीही आक्षेपात एक गफलत आहे. हुंदका कोणाच्या छातीतून आला, हा प्रश्न आणि हुंदका कोणाला सांगायचा होता, हा प्रश्न, हे दोन्ही तो एकच समजतो. पंढरीच्या वाटेवर वारकरी अभंग म्हणतो तेव्हा अखेरच्या चरणात तुकोबांची किंवा नामदेवांची मुद्रा येते. शब्द म्हणणाराचे नसतात आणि ते आपले आहेत असा दावाही तो करीत नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी देह ठेवलेल्या एका माणसाची विवक्षा तो आपल्या कंठाने पुढे नेतो. विवक्षा एकाची आणि कंठ दुसऱ्याचा, हा प्रकार म्हणजे मराठी माणसाच्या भक्तिजीवनाचा पायाच आहे. त्यात फसवणूक नाही, याचे कारण मुद्रेने सारे उघड केलेले असते. मिकूच्या गाण्याबाबतही असेच म्हणता येईल. ती नाही, हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असते. गाणे कोणी रचले ते नाव, बहुधा टोपणनाव, गाण्याला जोडलेले असते. आणि जिने वर्ण उच्चारले त्या अभिनेत्रीने ते जाणूनबुजून व राजीखुशीने दिलेले असतात. कंठ कृत्रिम असला तरी त्यातून बोलणारी इच्छा खरी आहे आणि तिची मालकी लपविलेली नाही.

हा निकष मान्य केला, तर खरा दोष कोठे आहे हेही दिसू लागते. जपानची महान गायिका मिसोरा हिबारी १९८९ मध्ये निवर्तली. २०१९ मध्ये यामाहाच्याच नव्या तंत्राने तिच्या जुन्या मुद्रणांवरून तिचा आवाज पुन्हा घडविण्यात आला आणि यासुशी आकिमोतो यांनी लिहिलेले एक नवे गाणे त्या आवाजात जपानी नभोवाणी संस्थेने, एनएचकेने, प्रसारित केले. गाण्याच्या मध्ये काही गद्य वाक्ये होती. ती जणू हिबारी स्वतः परलोकातून आपल्या श्रोत्यांना उद्देशून बोलत आहे अशा थाटाची होती. अनेकांचे डोळे पाणावले. अनेक अस्वस्थही झाले, आणि गायक तात्सुरो यामाशिता यांनी तर या प्रयोगाला मृताची विटंबना ठरविले. आवाज येथे मिकूहून कितीतरी अधिक जिवंत होता. शारीराचा भास जवळजवळ पूर्ण होता. परंतु ती वाक्ये बोलण्याची इच्छा हिबारीला कधी झालेली नव्हती. जो आवाज कोणाचाच नव्हता, त्यातून एका खऱ्या माणसाने बोलणे वेगळे. आणि जो आवाज एका खऱ्या बाईचा होता, त्यातून दुसऱ्यांनी तिच्या नावाने बोलणे वेगळे.

मराठी पाठचिकित्सेला या दुसऱ्या प्रकाराचे नाव ठाऊक आहे. संतांच्या गाथांमध्ये कोणा नंतरच्या माणसाने रचून त्यांच्या मुद्रेखाली घातलेल्या अभंगांना प्रक्षिप्त म्हणतात. असे अभंग रचणारे सारेच लबाड होते असे नाही. कित्येकांनी ते भक्तिभावाने, स्वतःचे नाव पुसून टाकून रचले असतील, आणि त्यांतील काही रचना चांगल्याही असतील. हिबारीचा आवाज पुन्हा ऐकण्याची तळमळ असणाऱ्यांचे प्रेमही असेच निखळ असू शकते. पण संपादक प्रक्षिप्त अभंग वेगळा काढतोच, कारण प्रेमाने केलेली भर असली तरी ती ज्याच्या नावावर घातली गेली त्याला ती नाकारण्याची संधी उरलेली नसते. मृताचा आवाज उसना घेण्यातील अडचण हीच आहे. त्याचे आप्त संमती देऊ शकतात, आणि २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या व शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एका तमिळ गाण्यात वापरताना कुटुंबीयांची अनुमती घेऊन मोबदलाही दिला. ही सभ्यता महत्त्वाची आहे. मात्र अनुमतीने व्यवहार शुद्ध होतो. गेलेल्या माणसाची विवक्षा तिने निर्माण होत नाही.

जिवंत गायकाला मात्र नकार देता येतो. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जियागंजचे अरिजित सिंग यांनी आपल्या आवाजाच्या कृत्रिम प्रतिकृतींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. आवाज हा व्यक्तित्वाचा भाग आहे आणि संमतीवाचून तो कोणाला वापरता येणार नाही, ही भूमिका त्यातून स्पष्ट झाली. गळा ही मालमत्ता आहे की व्यक्ती, या वादात न्यायालयाची भाषा साहजिकच हक्कांची आणि नुकसानीची असते. त्या भाषेच्या पलीकडे राहणारा भाग श्रोत्याच्या वाट्याला येतो.

श्रोत्याचे काम कोणते, हे समजण्यास कोलकात्यातील एका जुन्या संशोधनाचा आधार घेता येईल. बहूबाजार स्ट्रीटवरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा आणि वीणा यांच्या ध्वनीचा अभ्यास केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्यावरून काही उपस्वर तिच्यातून निघूच नयेत, असा रूढ नियम होता. तंबोऱ्यात ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात. त्याचे कारण रामन यांना घोडीच्या रुंद, वक्र पृष्ठभागात आढळले. तार त्या पृष्ठाला स्पर्श करीत कंप पावते आणि त्या स्पर्शातून, छेडण्यात नसलेले स्वर जन्म घेतात. मराठी गवई त्याला जवारी म्हणतात. यंत्राने गाइलेल्या गाण्याला देहाची जवारी नाही. ऐकणाऱ्याच्या मनाशी त्याचा संपर्क होतो तेथे मात्र ती उत्पन्न होऊ शकते, आणि म्हणून अशा गाण्याच्या बाबतीत श्रोत्यावरचा भार अधिक असतो. त्याने लक्षपूर्वक ऐकले नाही, तर त्या गाण्याचा बचाव करण्यासाठी गाणाऱ्याचा मोहक गळाही पुढे येणार नाही.

अल्पश्रुत असणे हा अर्थातच गुण नव्हे. दुर्मिळ म्हणून एखादी गोष्ट कवटाळणारा संग्राहक आणि दहा लाखांच्या आकड्यामागे जाणारा श्रोता, हे दोघेही गाण्याऐवजी संख्येकडेच पाहत असतात. कोलकात्यातील एखाद्या खोलीत बसून, जपानी भाषेचा शब्दही न कळता, कोणा अनामिकाने रचलेले गाणे ऐकणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे: येथे कोणाला काही सांगायचे होते का? स्वराच्या एखाद्या अनपेक्षित वळणात, अकारण वाटाव्या अशा एखाद्या विरामात त्याला या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सापडेल. कित्येकदा सापडणारही नाही. सापडले, तर ते दुसऱ्याला सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. लाखेच्या तबकड्या हातातून पडून फुटत. संगणकावरील गाणी त्याहून टिकाऊ असतात असा समज होता, पण जून २०२४ मध्ये निको निको दोगावर सायबर हल्ला झाला आणि ते व्यासपीठ जवळजवळ दोन महिने बंद राहिले. प्रसिद्ध गाण्यांच्या प्रती जगभर होत्या. ज्यांना पन्नासच श्रोते लाभले, त्यांची मदार त्या पन्नासांवरच होती.

म्हणून असे गाणे दुसऱ्याच्या हाती देताना त्यासोबत तीन नावे दिली जावीत: ज्याने रचले त्याचे, जिच्या कंठाचे वर्ण घेतले तिचे, आणि ज्या यंत्राने ते जोडले त्याचे. रचणाऱ्याने टोपणनाव घेतले असेल, तर ते टोपणनावच द्यावे. तेवढे नाव सांगण्याची त्याची इच्छा होती.